आवाज विरेपर्यंत

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. पप्पा वर्कशॉपमध्ये, आणि आई दिवसभर एका दुकानासाठी खाखरे भाजायची. माझ्या पुस्तकांना मेथीचा वास यायचा. टेबल नव्हतं. पाटावर वही ठेवून मी बी.एससी.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचले आणि तिथे अडकले. फिजिक्सचा पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं. येत होतं सगळं. पण पहिला प्रश्न वाचताना मला पाचवा दिसत होता, त्याच्यामागे निकाल आणि निकालामागे आईची चटके बसलेली बोटं. नापास झाले.

शेजाऱ्यांनी सांगितलं, पुरे झालं, मुलीला कामाला लावा. पप्पा म्हणाले, अजून एकदा बसेल.

तेव्हा कॉलेजात माइंडफुलनेसचं शिबिर होतं. मॅडमनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. घरी मी डोळे मिटले की आईला वाटायचं, पोरगी झोपली. ती मला कणीक मळायला उठवायची. शिवाय श्वासाकडे बघितलं की मी जास्तच घाबरायचे. हे आपल्यासारख्यांचं काम नाही, असं मी पप्पांना सांगून टाकलं.

मॅडम नेमकं काय करायला सांगतात, पप्पांनी विचारलं. मी म्हटलं, मन एकाच गोष्टीवर ठेवायचं, भटकलं तर न रागावता परत आणायचं.

पप्पा हसायलाच लागले. "अगं, याचा तर मला पगार मिळतो."

ते डब्यांची चाकं तपासायचे. हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. चाक धड असेल तर आवाज घंटेसारखा लांबतो, तडा असेल तर बद्द येतो.

"आवाज विरेपर्यंत पुढच्या चाकाकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "किती राहिली ते मोजत बसलो, तर समोरच्याचा तडा सुटतो."

त्या दिवसापासून चहाच्या वेळी आमच्या घरात पितळी तांब्या वाजू लागला. पप्पा चमच्याने ठोकायचे.

"गेला आवाज?"

"गेला."

"खोटं बोलतेस. अजून आहे."

धाकटी भावंडं हसू दाबून बसायची. आईसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायची, आणि तव्यावरचा एक खाखरा करपायचा. तो आमच्या वाट्याचा. इतके करपलेले खाखरे मी आयुष्यात कधी खाल्ले नाहीत, आणि इतक्या आनंदानेही नाहीत.

परीक्षेला बसले आणि छाती धडधडू लागली. मी पेनाने बाक ठोकला आणि कान दिला. परत ठोकला. सुपरवायझर बेन येऊन उभ्या राहिल्या.

"कोने इशारो करे छे?"

इशारा कोणालाच नाही, मी ऐकतेय, असं मी खरं ते सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांनी मला उठवून पहिल्या बाकावर, आपल्या टेबलासमोर बसवलं. आता ठोकायची सोय नव्हती. डोक्यावर पंखा खडखडत होता, मग मी तोच ऐकला. धडधड काही थांबली नाही. पण मी पहिला प्रश्न वाचला. फक्त पहिला. तो संपल्यावर दुसरा.

निकालाच्या दिवशी पप्पांनी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले आणि मुलगी आमच्याच खात्यात शिकली म्हणून सांगितलं. मी बी.एससी. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.