शेवटची काही पाकिटं शिल्लक

मार्केटिंगवाला पहिल्यांदा आमच्या मुरुडच्या घरी आला तेव्हा अंगणात बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना बोंबील लटकत होते. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि रुमालातूनच म्हणाला, वॉव, किती ऑथेंटिक. मला तो माणूस तिथंच कळला. त्याला आणलं होतं माझ्या धाकट्या भावानं. भाऊ न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद बघणाऱ्या एका ऑफिसात आहे. तिथं दिवसभर असली भाषा कानावर पडते, त्यामुळे ती बोलणारा प्रत्येक जण त्याला शहाणा वाटतो. आईचा सुक्या मासळीचा धंदा ऑनलाइन न्यायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. हेतू वाईट नव्हता. या वयात आईनं उन्हातान्हात खळ्यावर जवळा पसरत बसू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

पाहुणा बराच वेळ बोलला. आमचा जवळा म्हणे ऑरगॅनिक. समुद्राला खत कोण घालतं, असं मी विचारलं तर नुसता हसला. आईचे भेगाळलेले हात म्हणजे ब्रँड स्टोरी. गिऱ्हाईक म्हणजे लीड, आणि लीडला फनेलमध्ये आणायचं. फनेल म्हणजे काय, असं आईनं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, नरसाळं. माणसांना नरसाळ्यात घालून काय करतात, ते मात्र मला तिला सांगता येईना. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आमच्याकडचा खरा भात मात्र तो पोटभर जेवून गेला.

आमच्या धंद्याची रीत साधी आहे. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून त्याआधी घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात. त्याला आम्ही आगोट भरणं म्हणतो. डोंगरपट्टीतल्या बाया त्यासाठी एसटीनं आमच्या बाजाराला येतात. भाव करताना दोन्हीकडून वाटेल ते बोललं जातं. आई मुलाबाळांच्या शपथा घेते, गिऱ्हाईक रागानं उठून जातं, चार पावलांवरून परत येतं. त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण माल आहे की संपला, यात खोटं चालत नाही. कोळणीनं पाटी पालथी घातली की संपलं. ती पाटी कोणी उचलून बघत नाही, की दुसऱ्यांदा विचारत नाही. लांबून आलेल्या बाईचा हेलपाटा होऊ नये म्हणून आई तिला स्वतःच शेजारणीकडे धाडते. बाजारात आईला मान होता तो एवढ्यावरच, आणि तिला दुसरं काही नकोही होतं.

भावानं आईच्या फोनमधून या बायांच्या घरचे नंबर काढून दिले. त्याचा डेटाबेस झाला. ऐन वैशाखात आईच्या फोटोसकट निरोप गेला, शेवटची काही पाकिटं शिल्लक. पाठोपाठ दुसरा गेला, सगळं संपलं, पुढच्या बॅचसाठी आजच नाव नोंदवा. तो मी आईला वाचून दाखवला तेव्हा आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, इतका माल रचलेला होता.

आईनं मला त्या मार्केटिंगवाल्याला फोन लावायला लावला. म्हणाली, "घर भरलंय मालानं, नि संपलं म्हनून माझ्या तोंडानं कसं सांगतोस तू?"

"आई, हे खोटं नसतं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "याला अर्जन्सी म्हणतात. लोकांना कळतं ते."

शहरातल्यांना कळत असेल. 'सेलचा शेवटचा दिवस' हा फलक ते वर्षभर बघतात. खोट्याला खोटं म्हटलं की लाज वाटते, म्हणून या मंडळींनी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं आणि मोकळे झाले. मला त्याचा संताप आला होता, अजून येतो. भाऊ सुट्टीला घरी आला तेव्हा म्हणाला, आये, आता जग असंच चालतं. मग त्यानं फोनवर रंगीत आलेख दाखवला. रीच वाढला होता, एंगेजमेंट वाढली होती. म्हणजे काय, तर कोणाकोणा अनोळखी माणसांनी आईच्या फोटोखाली लाल बदाम टाकले होते. त्यातल्या दोघातिघांनी वास न येणारे बोंबील मिळतील का, अशीही चौकशी केली होती.

त्या आठवड्याच्या बाजाराला आई आणि मी भरल्या पाट्या घेऊन बसलो. डोंगरातली एकही बाई आमच्याकडे फिरकली नाही. शेजारणींच्या पाट्या रिकाम्या होत गेल्या, आमच्यावर नुसत्या माश्या बसत होत्या. उन्हं कलली तेव्हा आईची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक आली. ही बाई दरवर्षी आईसाठी शेतातले कडवे वाल आणते आणि आई तिचा वाटा कोणी न सांगता बाजूला ठेवते. तिच्या डोक्यावर दुसरीकडून घेतलेल्या सुकटीचं गाठोडं होतं. वालाची पिशवी तिनं आईच्या मांडीवर ठेवली.

"पोरानं वाचलं, तुझं संपलं म्हनून," ती म्हणाली. "आमी समद्यांनी रोह्यालाच आगोट भरली. पन मनाला लागलं बाय. माझा वाटा ठेवल्याबिगर तू कदी संपवत न्हाय. म्हटलं, आजारी बिजारी हाय की काय, बघून यावं." मग तिची नजर पाट्यांवर गेली. "आनि ह्ये?"

मी सांगायला तोंड उघडलं. आईनं माझा हात घट्ट दाबला. आपल्या नावानं खोटं गेलं, हे तिला त्या बाईला कळू द्यायचं नव्हतं.

"ह्ये माझं न्हाय," आई म्हणाली. "शेजारणीचं हाय. मी निस्ती राखन बसलंय. माझं संपलं व्हतं."

बाईनं मान हलवली, पुढल्या वर्षी आठवणीनं ठेव म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. तिला शंकासुद्धा आली नाही.