पाहुणीचं बोलणं

गेल्या हिवाळ्यात आमच्या नळदुर्गच्या लहानशा चर्चमध्ये युरोपातल्या एका शहरातून एक पाहुणी आली. साठी ओलांडलेली, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली, स्वभावानं मायाळू बाई. सीरिया, अफगाणिस्तान इकडून तिच्या शहरात आलेल्या मुसलमानांमध्ये तिचं चर्च काम करतं, त्याबद्दल ती बोलणार होती. मी धाराशिवला कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळं तिचं बोलणं मराठीत सांगायचं काम वडिलांनी माझ्यावर टाकलं. ते चर्चचे पंच आहेत.

शेजारच्या खाला सकाळपासून चर्चच्या मागं भाताच्या पातेल्यापाशी होत्या. आमच्या घरचं कुठलंच कार्य त्यांच्याशिवाय होत नाही. आई गेल्यावर शाळेत जाताना माझी वेणी त्याच घालायच्या. भात उतरल्यावर वडिलांनी त्यांना आत बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या शेवटच्या बाकावर बसल्या.

पाहुणी सांगत होती, थंडीत ही माणसं आमच्या हॉलमध्ये येतात. आम्ही त्यांना सूप देतो, आमची भाषा शिकवतो, डॉक्टरकडं नेतो. इथवर मी वाक्याला वाक्य सांगत गेले. मग ती म्हणाली, की हळूहळू आम्ही येशूबद्दल बोलणं काढतो. ही माणसं अंधारात वाढलेली. त्यांच्या देशात त्यांना सत्य कुणी सांगितलंच नसतं. त्यांचं घर सुटलं ते एका अर्थी बरंच झालं, देवानंच त्यांना आमच्या दारात आणलं.

मी मागं बघितलं. खाला माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या होत्या.

"ही माणसं घरापासून लांब पडलीत," मी म्हणाले. "देवानं त्यांना आमच्या दारात आणलं, म्हणून आम्ही त्यांना जेवू घालतो."

वडिलांना इंग्रजी चांगलं कळतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

उपासना संपल्यावर खाला थेट पुढं आल्या. त्यांनी पाहुणीच्या तोंडावरून हात फिरवून अलाबला घेतली आणि कानशिलावर बोटं मोडली. "माझा भाचा बी असाच परमुलखात हाय. त्याला बी अशीच कुणी भेटू दे. सांग तिला."

ते मात्र मी पुरतं सांगितलं. पाहुणीचे डोळे भरून आले. ह्या कोण, असं तिनं विचारलं. आमच्या शेजारी, मुसलमान आहेत, असं मी म्हणाले. तिचा चेहरा एकदम उजळला. पिशवीतून तिनं एक उर्दू पुस्तिका काढून खालांच्या हातात दिली. खालांना वाचता येत नाही. अक्षरं बघून त्यांनी ती कपाळाला लावली आणि मला विचारलं, "दुवा हाय व्हय?"

मी व्हय म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्या नवऱ्यानं ती वाचून दाखवली. मुसलमानांनी येशूकडं यावं, असं तीत लिहिलं होतं.

पुढचा रविवार येईपर्यंत मला त्यांच्या दारात जायचा धीर झाला नाही. गेले तेव्हा त्या अंगणात मेथी निवडत होत्या. त्यांनी न विचारताच मी सगळं सांगितलं, पाहुणी जसं बोलली होती तसं.

"घर सुटलं ते बरं झालं, असं म्हणली ती?"

"व्हय."

त्यांचा भाचा सौदीला आहे. त्याची आई गेली तेव्हा त्याला मातीला येता आलं नव्हतं. खालांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"ती जेवू तर घालती न्हवं? म्या तिच्यावरनं हात फिरवला, त्याचं मला काय वाटत न्हाय," त्या म्हणाल्या. "पण तू? म्या तुझ्या भरोशावर बसले व्हते तितं."

"चुकलं माझं, खाला."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि भाजी घेऊन आत गेल्या. आतून हाक आली नाही.

तरी येणंजाणं तुटलं नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांसाठी मी त्यांच्याबरोबर सोलापूरला गेले. डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलले, ते मी बाहेर येऊन समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मला बाकावर बसायला सांगून त्या खिडकीपाशी गेल्या आणि तिथल्या नर्सला विचारू लागल्या, डॉक्टर काय म्हणाले म्हणून.