मानाचा बॅक

नाव : आकाराम वल्द तात्याबा. राहणार पलूस, तालुका तासगाव, जिल्हा सातारा. हुद्दा : निवृत्त हवालदार; पलटणीच्या फुटबॉल संघाचे माजी बॅक; सांप्रत पलूस फुटबॉल संघाचे म्यानेजर. ओळखीची खूण : उजवा गुडघा वाकत नाही, कारण इटलीतील एक भिंत. अधिकार : संघ निवडणे, संघास शिस्त लावणे व संघाकडून विजय मिळवणे. सदर इसमाच्या हुकमाची तामिली विनातक्रार व्हावी.

असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण १९४६ साली पलटणीतून घरी आलेल्या आकारामांची स्वतःविषयीची समजूत साधारण याच मसुद्याची होती. गावात म्यानेजर हा शब्द तोवर फक्त तमाशाला माहीत होता. त्यामुळं पाणवठ्यावरच्या बायका बरेच दिवस त्यांना फड कुठं उतरलाय म्हणून विचारत.

संघाला खेळायला ओढ्याकाठचं सपाट रान होतं. रान भाऊसो पाटलांचं. उन्हाळा सरत आला तसं भाऊसोंनी आकारामांना बांधावर गाठलं.

"हवालदार, सांगलीच्या सामन्याची ढाल आली तर रान खेळाला ऱ्हाईल. न्हाई आली तर आडसाली ऊस लावतो. मला काय, दोनी गोडच."

आकारामांना त्या रानाखेरीज गावात दुसरं काही करण्याजोगं दिसत नव्हतं. पलटणीनं त्यांना एकच काम शिकवलं होतं, आणि आता गुडघ्यामुळं तेही दुसऱ्यांकडून करवून घ्यायचं होतं.

अडचण मानाची होती. बेंदराला कुणाचा बैल पुढं हे ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, तिथं बॅक म्हणून मागं कोण उभं राहणार? भाऊसोंचा पुतण्या लालासाहेब म्हणजे आडवा आला तर गाडी थांबावी असा गडी. तो म्हणाला, "पाटलाच्या घरचा मानूस मागं हुबा ऱ्हात न्हाई." दुसऱ्या भावकीचा नाथाजी तिथंच होता. "मग आमी काय ववाळून टाकल्यालं हाय व्हय?" मग दोघंही पुढं धावत, त्यांच्या मागोमाग दोन्ही भावक्या धावत, आणि गोलात गोलकीपर जोतिबा एकटा उरे, देवळातल्या देवासारखा. देवासारखाच तोही कशात हात घालत नसे.

सांगलीला सामन्याआधी आकारामांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं आणि विडे काढले. विडा मानाच्या क्रमानं जातो, हे सांगायची गरज नव्हती. पहिला विडा त्यांनी जोतिबाला दिला, दुसरा लालासाहेबाला, तिसरा नाथाजीला.

"तुमी दोघं बॅक," ते म्हणाले.

"ह्यो कुठला क्रम?" नाथाजीनं विचारलं.

"पलटणीतला. लढाईत सायेब कुठं आस्तोय? मागं. आन् पुढं कोन? शिपाई."

लालासाहेबानं विडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "हे आदी बोलायचं न्हाई व्हय, हवालदार?"

खेळ सुरू झाला आणि आकारामांना आपली युक्ती लागू पडलेली दिसली. सांगलीकरांचे चेंडूवर चेंडू आले; लालासाहेबानं ते छातीवर घेतले, नाथाजीनं पायांनी उडवले. दोरीबाहेर उभ्या आकारामांचा न वाकणारा पाय प्रत्येक चेंडूला जागच्या जागी हिसका देत होता. मध्यंतरापर्यंत गोल नाही. त्यांना ओढ्याकाठचं रान डोळ्यांपुढं दिसू लागलं.

मध्यंतरानंतर त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पुढचे गडी हळूहळू मागं सरकत होते. शेवटचे विडे ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांनी लिंबाखालचा हिशेब नीट ऐकला होता, आणि शिपाई राहायची कुणाचीच तयारी नव्हती. बघता बघता अख्खं पलूस गोलापुढं दाटीनं उभं राहिलं. सांगलीकरांना चेंडू घुसवायला फट सापडेना. प्रेक्षक हसू लागले.

"पुढं व्हा रं," आकाराम ओरडले. "कोन तरी पुढं व्हा गड्यांनो."

कुणी हललं नाही.

शेवटी शेवटी सांगलीचा गोलकीपरसुद्धा कंटाळून मैदानाच्या मध्यापर्यंत आला. तेवढ्यात चेंडू लालासाहेबाच्या पायाशी येऊन थांबला. समोर मोकळं मैदान, त्यापलीकडं मोकळा गोल. आकाराम दोरीवरून पुढं वाकले.

"लालासाहेब, जा."

लालासाहेबानं एक पाऊल टाकलं आणि मागं वळून पाहिलं. त्याच्या जागेवर नाथाजी सरकला होता. लालासाहेब माघारी आला, नाथाजीला खांद्यानं बाजूला केलं, आणि चेंडू दोरीबाहेर मारून दिला. तो आकारामांच्या पुढ्यात पडला. पंचांनी शिट्टी वाजवली.

गोल कुणाचाच नव्हता. ढाल दोघांत सहा-सहा महिने ठेवावी, असा निकाल झाला.

संध्याकाळी भाऊसो ओट्यावर सुपारी कातरत होते.

"ढाल आली की आवं," आकाराम म्हणाले.

"अर्दी आली."

"पर हारलो न्हाई, भाऊसो."

"तसं कोन म्हनतंय?" भाऊसो म्हणाले. "मी शब्दाचा मानूस हाय, हवालदार."

पाऊस झाल्यावर भाऊसोंनी रानाच्या मधोमध बांध घातला. पुढच्या हंगामात पलूसचा संघ एकाच गोलावर सराव करीत होता. दुसरा उसात होता.