कफनाच्या रांगेचं चित्र

जामखेडहून नगरला जाणारी मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची. युद्धामुळं पेट्रोल मिळत नव्हतं. ड्रायव्हरनं मागची भट्टी पेटवीपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ अम्मा, अब्बा आणि मी मोटारीच्या सावलीत उभे होतो. शेवटी अम्मानं माझा दंड चाचपून पाहिला.

"इसाक, मुंबईत पोटभर खात जा," ती म्हणाली. "असाच वाळत गेलास तर तुझ्या अब्बांना खनायला काय कामच उरायचं न्हाई."

अब्बा गावात कबरी खणायचे. शेजारच्या एका बाईनं हे ऐकून तोंडाला पदर लावला. अब्बा मात्र पोट धरून हसले. मोटार हलली तेव्हाही ती दोघं हसत होती आणि मी खिडकीत बसून रडत होतो.

पुढं मुंबईत मरणावर विनोद करणारा चित्रकार म्हणून माझं थोडंफार नाव झालं. हे तुम्हाला सुचतं कुठून, असं लोक विचारायचे. घरून, असं मी सांगायचो. त्यांना ती थट्टा वाटायची. आमच्याकडं मयताचा निरोप येणं ही नेहमीचीच गोष्ट होती. अब्बा कुदळ खांद्यावर टाकून निघायचे, अम्मा त्यांची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायची. चार दिवस गेले की चुलीपुढं बसून ती त्याच गेलेल्या माणसाची हुबेहूब नक्कल करायची. त्यात हेटाळणी नसायची. त्या माणसाला ती थोडा वेळ परत आणायची, इतकंच. त्या नकला मी कोळशानं भिंतीवर काढायचो. शाळेतल्या देशमुख मास्तरांनी ती चित्रं माझ्याकडून कागदावर काढून घेतली आणि मुंबईच्या एका साप्ताहिकाला टपालानं पाठवली. तिथून बोलावणं आलं, म्हणून मी निघालो होतो.

गिरगावात छापखान्याच्या माडीवर मला एक खोली मिळाली. माझं पहिलं गाजलेलं चित्र फोटोग्राफरचं. सगळं कुटुंब आजोबांच्या मयताला खुर्चीत बसवून फोटो काढून घेतंय आणि फोटोग्राफर म्हणतोय, "न हलता बसलेत ते फक्त आजोबा. बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिका." त्या चित्रावर संपादक इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मास्तरांकडं अंक टपालानं जायचा आणि अब्बा दर आठवड्याला त्यांच्या ओसरीवर बसून माझं चित्र बघून यायचे. मग अम्मापुढं ते सगळं साभिनय व्हायचं, असं मास्तर पत्रात लिहीत.

मग कापडावर कंट्रोल आला. कफनालासुद्धा परवाना लागायला लागला. मला ते फार हास्यास्पद वाटलं. मी रेशनच्या दुकानाची रांग काढली आणि तिच्यात एक मयत हातात कार्ड धरून उभं केलं. दुकानदार त्याला सांगतोय, "उद्या या."

ते चित्र छापायला गेलं आणि चौथ्या दिवशी मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. तापानं अम्मा गेली होती. कार्ड माझ्या हाती पडलं तेव्हा तिला माती देऊनही झाली होती.

मी जामखेडला पोचलो तेव्हा अब्बा मास्तरांच्या ओसरीवर बसले होते. पुढ्यात तो अंक उघडा होता.

"परवान्यासाठी कचेरीत गेल्तो," अब्बा म्हणाले. "लई रांग हुती. हिला घरात ठिवून दुपारपतुर उभा हुतो. मग सायब म्हनला, उद्या या." त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. "शेवटी मास्तरांनी घरातलं कोरं धोतर दिलं."

मास्तर खाली मान घालून बसले होते.

अब्बांनी चित्रावर बोट ठेवलं. "हे तुला तिथं बसून कसं कळलं?"

"अब्बा, मी गंमत म्हणून काढलं होतं," मी म्हणालो.

"व्हय, गंमतच हाय ती." ते बराच वेळ चित्र निरखत राहिले. "तिला दाखवायचं ऱ्हायलं बग."

आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मीही हसलो.

परतल्यावर दोन महिने मी टाकाला हात लावला नाही. हसून झालं तरी रांगेतले अब्बा डोळ्यांपुढून जात नव्हते. मुंबईला चला, असं मी त्यांना दोनदा लिहिलं. त्यांनी मास्तरांकरवी कळवलं, "माझ्यावाचून इथल्यांचं अडंल. तू तुझं काम कर." मग मी पुन्हा बसलो.

आता अब्बा नाहीत, मास्तर नाहीत. जामखेडात उतरलो तर कुणाकडं जावं, हा प्रश्न पडतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले त्यांना हे सांगायला नको. पण चित्र पुरं झालं की मी ते टेबलावर उभं करतो, दोन पावलं मागं सरतो आणि अम्मा हसली असती का, ते बघतो. नसती हसली असं वाटलं, की कागद फाडून टाकतो. हसली असती असं वाटतं त्या दिवशी मी घरी जाऊन आलेला असतो.