भांडणाचा तास

बाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं, की आम्ही वह्यांत तोंड खुपसायचो. घड्याळ निघालं म्हणजे आज कुणाला तरी फळ्यापाशी जावं लागणार. मग त्या खडू पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ये. भांड."

गणिताच्या या बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी. वर्गात कुणी काहीही विधान केलं, अगदी दोन सम संख्यांची बेरीज सम येते असं म्हटलं, तरी त्या चष्म्यावरून बघत एवढंच विचारायच्या, "हौदा?" कानडीत त्याचा अर्थ 'असं का?' एवढाच. पण बाईंच्या तोंडून तो शब्द आला, की इतकी वर्षं बिनधोक खरी वाटलेली गोष्ट एकदम संशयास्पद वाटू लागायची.

तुमच्यापैकी कुणी पदवीला गणित घेतलं असेल, तर अॅनालिसिस हा विषय काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांनी घेतलं नाही त्यांनी इतकंच समजावं, की त्यात हिशेब सोडवायचे नसतात. शाळेपासून ज्या गोष्टी डोळे मिटून मानल्या, त्या सगळ्या सिद्ध करायच्या असतात. अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असे आकडे लहान होत होत शून्याकडे जातात, हे कुणालाही दिसतं. पण 'दिसतं' म्हणायची तिथं सोय नसते. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात आमच्या कॉलेजात हा विषय घेणारी मोजकीच मुलं होती. त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत रसायनशास्त्राकडे पळून जायची.

मी जेऊरहून आलेलो. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. माझं आडनाव बाईंनी कधी उच्चारलं नाही. त्या मला 'जेऊर' म्हणायच्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या विणकराच्या मुलाला 'पूर्व भाग' म्हणायच्या, कारण तो शहराच्या त्या भागातून, मागांच्या खटखटाटातून यायचा.

पहिल्याच आठवड्यात मला उठवलं. आकडे शून्याकडे जातात म्हणजे काय, त्याची व्याख्या विचारली. गावच्या शाळेत पाढे म्हणायचो तशी मी ती एका दमात म्हणून दाखवली. "फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो, देअर एक्झिस्ट्स..." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"हौदा?" बाई म्हणाल्या. "आता हेच तुझ्या आईला सांग."

पोरं हसली. माझे कान तापले. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, आणि ते यांना कुणीतरी सांगितलंय असं मला वाटलं. मी खाली बघत उभा राहिलो. बाई हसणाऱ्यांवर उखडल्या. यात हसण्यासारखं काय आहे, प्रत्येकाला आई आहे, आणि जे आईला सांगता येत नाही ते तुम्हाला आलेलं नाही, असं त्यांनी सुनावलं. मग घड्याळ काढलं. पूर्व भागाला माझ्यासमोर उभं केलं. आकडे शून्याच्या किती जवळ आणायचे ते त्यानं मागायचं, मी द्यायचं.

"मला शून्यापासून एकाच्या शंभराव्या हिश्शाइतकं जवळ पाहिजे बे," तो म्हणाला.

"मग शंभराव्या आकड्याच्या म्होरं ये."

"हजाराव्या हिश्शाइतकं पाहिजे."

"हजाराच्या म्होरं ये की."

"लाखाव्या."

असं बराच वेळ चाललं. बाईंनी मधेच विचारलं, की तो जन्मभर मागत राहिला तर तूही जन्मभर इथंच उभा राहणार का? मी आधीच चिडलेला होतो. "त्यानं काय बी मागू द्या," मी म्हणालो. "त्यानं आधी मागायचं, मग मी सांगनार कुटनं म्होरं यायचं. त्यो मागून दमंल, मी दमनार न्हाय."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "मघाशी इंग्रजीत हेच बोललास. तुला माहीत नव्हतं."

त्या दिवसापासून सगळं कॉलेज त्या तासाला 'भांडणाचा तास' म्हणू लागलं. तिथं मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, ज्याला ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत भांडण व्हायचं. पण एक अट होती. समोरच्याला पटल्याशिवाय खाली बसायचं नाही. कुणी नुसती मान डोलावली, तर बाई त्यालाच वर बोलवायच्या. पटलं ना, मग पटवून दे. परिणाम असा झाला, की आम्ही मान हलवणंच सोडून दिलं. रसायनशास्त्राच्या सरांनी तक्रार केली, गणिताची पोरं पुतळ्यासारखी बसतात, समजतंय की नाही काही कळत नाही.

बाई प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. एकदा पूर्ण तास त्यांनी मला फळ्यापाशी उभं ठेवलं. मी रडकुंडीला आलो, तरी खडू परत घेतला नाही. मुलींना त्या जास्तच बोलायच्या. एकदा एका मुलीवर तोंडसुख घेऊन झाल्यावर त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या शिकत होत्या तेव्हा वर्गात एकटी मुलगी. प्राध्यापक म्हणायचे, मुलींनी पाठ करून पास व्हावं, समजून घेऊन पुढे करायचंय काय? "तेव्हापासून मला राग आहे," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

आता विभागप्रमुखांविषयी सांगतो. सांगताना भाषा सैल सुटू नये याची मी काळजी घेतो आहे. सर नोट्स सांगायचे. सांगताना 'स्वल्पविराम', 'नवीन परिच्छेद' हेही सांगायचे. आमच्या आधीच्या मुलांनी जे लिहिलं तेच आम्ही लिहिलं, त्यातल्या चुकांसकट. शंका विचारली तर म्हणायचे, परीक्षेला येत नाही. ते वाईट होते का? तसं नाही. गरिबाच्या पोराला ते फी भरायला मुदत मिळवून द्यायचे. पण इतकी वर्षं एका विषयाच्या शेजारी राहून त्याच्याकडे कधी मान वळवून न बघणं, याला मी काय म्हणू? मी स्वतः नंतर जन्मभर गणित शिकवलं. तो राग उतरायच्या ऐवजी वाढतच गेला.

त्या काळात कॉलेजं फॉर्म अडवायची. फेब्रुवारीत कॉलेजची स्वतःची प्रिलिम व्हायची. तीत जो कच्चा निघेल त्याचा विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म पाठवायचाच नाही. निकालाची टक्केवारी त्यामुळे चांगली राहायची. पोराचं वर्ष जायचं ते वेगळं.

प्रिलिमचे पेपर सरांनी तपासले. एक प्रश्न असा होता: चढत जाणारे, पण एका मर्यादेच्या वर कधीच न जाणारे आकडे कुठेतरी स्थिरावतात, हे सिद्ध करा. पुस्तकातली सिद्धता मला पाठ होती. पण पेपर हातात आल्यावर मला ती लिहवेना. डोळ्यांसमोर पूर्व भाग उभा राहिला आणि 'का बे?' म्हणायला लागला. मी त्याला उत्तर देत देत, मोडक्या इंग्रजीत माझी सिद्धता लिहिली. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली आणि शून्य दिलं. त्या शून्यानं मी नापासात गेलो. माझा फॉर्म त्यांच्या कपाटात राहिला.

मी घरी कळवलं नाही. वडिलांनी साहेबाकडे शब्द टाकून माझ्या खोलीची सोय केली होती. पुढच्या वर्षी ती मिळणार नव्हती. धाकट्या भावाची शाळा माझं शिक्षण संपण्यावर थांबली होती. वर्ष गेलं तर मी रेल्वेत गँगमध्ये लागणार, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. त्यासाठी कुणाशी बोलायची गरज नव्हती.

बाईंना पूर्व भागानं सांगितलं. त्यांनी पेपर मागवून घेतला, वाचला, आणि मला घेऊन स्टाफरूममध्ये गेल्या. मी दारात थांबलो. आत सर चहा पीत होते. रसायनशास्त्राचे सर वर्तमानपत्र वाचत होते.

बाईंनी विचारलं, याला शून्य का?

सर म्हणाले, ही पुस्तकातली सिद्धता नाही.

"ते मलाही दिसतंय. चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं दाखवा."

सरांनी सांगितलं, की बाहेरचा परीक्षक असलं काही वाचत बसत नाही, आणि याचं इंग्रजी तर बघा. बाई म्हणाल्या, परीक्षकाचं परीक्षक बघेल.

"तुम्ही ओळ दाखवा, सर. दाखवलीत तर याचा फॉर्म मी माझ्या हातानं तुमच्या कपाटात ठेवते."

वर्तमानपत्र खाली आलं. सरांनी पेपर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि टेबलावर सारला.

"बाई, हंगामी माणसानं इतकं ताणू नये," ते म्हणाले.

बाईंची नेमणूक हंगामी होती, दर जूनला नवा हुकूम निघायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाईंचा चेहरा उतरला. मी तो स्वच्छ पाहिला. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"कुठली ओळ, सर?"

सरांनी कपाट उघडलं, फॉर्म काढला, सही केली. नापास झाला तर तुमच्या नावावर, म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी पायाला हात लावायला वाकलो. बाई मागे सरकल्या.

"सहावी ओळ," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"तुझी सहावी ओळ चूक आहे. आकड्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं, म्हणून ते स्थिरावतात, असं लिहिलंयस. हौदा? पावलं लहान लहान होत गेली म्हणजे माणूस थांबतोच का? वर मर्यादा आहे असं पहिल्या ओळीत म्हणालास आणि नंतर तिच्याकडे बघितलंच नाहीस."

त्यांना हे माहीत होतं. पेपर वाचल्यापासून माहीत होतं. आणि त्या आत जाऊन म्हणाल्या होत्या, ओळ दाखवा.

"आन् सरांनी दाखवली असती मंजी?" मी विचारलं. आवाज चढला होता, त्याची मला पर्वा नव्हती.

"तर फॉर्म कपाटात गेला असता."

"माझं वर्ष गेलं असतं, बाई. बाप गँगमन हाय माझा. म्होरलं वर्ष न्हाय मला."

"माहीत आहे. पण मग त्यांनी वाचलं असतं, जेऊर. एका तरी पोराचं वाचलं असतं."

मी वळलो आणि निघून आलो. खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. वर्ष माझं होतं. ते पणाला लावायचा हक्क यांना कुणी दिला? आज इतकी वर्षं झाली, मी त्यांचं ऋण मानतो, माझी भाकरी त्यांच्यामुळे आहे असं घरात सांगतो. तरीही हा प्रश्न तसाच आहे, आणि त्याच्याबरोबरचा रागही. सरांनी वाचलं नाही म्हणून मी वाचलो. हे नुसतं मनात आलं तरी कुणावर चिडावं ते मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ टेबलावर आलं. सहाव्या ओळीवर वर्ग आठवडाभर भांडला. पूर्व भागानंच मला उताणं पाडलं. एक, त्यात अर्धा मिळव, त्यात एक तृतीयांश, त्यात एक चतुर्थांश, असं करत जा बे, पावलं लहान होतायत, पण हे कुठंच थांबत नाही, म्हणशील त्याच्या वर जातं. मी रागारागानं ती ओळ खोडली. मग मर्यादा हाताशी धरून पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. शेवटी त्या उठल्या, घड्याळ मनगटाला बांधलं आणि 'हौदा?' न म्हणता बाहेर गेल्या. याहून मोठी शाबासकी आमच्या वर्गात कुणाला मिळाली नव्हती.

निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. पूर्व भाग पहिल्या वर्गात आला. मी नवी पेठेतून पेढे घेतले आणि कॉलेजात गेलो.

बाई नव्हत्या. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, औंदा त्यांचा हुकूम निघाला न्हाय. का, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. वरून आलंय म्हणाला, निकालावर बोलनं झालं म्हनं. आमचा निकाल तर चांगला लागला होता. व्हय की, तो म्हणाला, सरांच्या नोट्स हायेत न्हवं.

बाईंच्या तासाची वेळ होती. मी त्या वर्गाच्या दारापाशी गेलो. आत सर नोट्स सांगत होते आणि नवी मुलं माना खाली घालून लिहीत होती. सरांनी मला पाहिलं, हसून आत बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा आपला विद्यार्थी, जेऊरसारख्या गावातनं आला, विशेष गणित घेऊन पदवीधर झाला, असं त्यांनी मुलांना सांगितलं.

"मी बाईंचा विद्यार्थी हाय," मी म्हणालो.

सरांचा हात खांद्यावरून निघाला. वर्गात कुणी वर बघितलं, कुणी नाही. "लिहा," सर म्हणाले. "नवीन परिच्छेद."

पेढ्यांचा पुडा न उघडता मी बाईंच्या खोलीवर गेलो. शहराच्या पूर्व भागात, एका मागवाल्याच्या घरामागे त्या राहायच्या. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत सामान नव्हतं. मालकीणबाई पदर खोचून चुना मारत होत्या. बाई गेल्या, विजापूरच्या गाडीनं, पत्ता काही दिला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

समोरची अख्खी भिंत बाईंनी काळ्या रंगानं रंगवून घेतली होती. दारापासून खिडकीपर्यंत फळाच. त्यावर आता काही लिहिलेलं नव्हतं.

"बघ की," मालकीणबाई म्हणाल्या, "किती चुना खातीया ही भित. उद्या नवं बिऱ्हाड येनार हाय. तू कशाला आलतास?"

"पास झालो. पेढे द्यायला आलतो."

"मग तोंड असं का केलंयस बाबा?"

मी पुडा उघडून त्यांच्यासमोर धरला. हात चुन्याचे होते, म्हणून त्यांनी तोंड पुढे केलं. मी पेढा भरवला. राहू द्या ती भिंत काळी, असं मला म्हणायचं होतं, पण घर त्यांचं होतं. त्यांनी कुंचा बुडवला आणि काळ्यावरून आडवा ओढला. ओला चुना लगेच दिसत नाही. लावलाय की नाही तेही कळत नाही. वाळत जातो तसा तो पांढरा होतो.

मी वाळेपर्यंत थांबलो नाही.