'येते' कोण म्हणालं?

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. ऐन अमावस्येला नवी गाडी घरी आणलेली बाई आहे मी! तरी हे लिहितेय, कारण मनातून जातच नाही...

नाशिकमध्ये एका कॉलेजात मी संगीत शिकवते. नाव विचारू नका. गेल्या वर्षी मुलांची एक संगीतिका बसवली – तळ्यातल्या परीची गोष्ट. संवाद नाहीत, सगळं गाणं आणि नाच. परी दोघींनी मिळून करायची. मृणाल स्टेजवर नाचणार आणि सई उजव्या विंगेत माइकवर गाणार. शेवटी परी माणसांचा निरोप घेते. ओळ मीच लिहिलेली – 'जाते मी, जाते मी'. त्यावर मृणालने तीन पावलं मागे जायचं, टांगलेल्या चंद्राखाली थांबायचं आणि पडदा. चंद्र प्लायवुडचा, चांगला जड. तो हट्टही माझाच.

कपडेपट सांभाळायला लासलगावच्या शांतामावशी होत्या. तालीम ऐकून म्हणाल्या, "बाई, पोरीच्या तोंडी 'जाते' नका घालू. निघताना कुणी 'जाते' म्हणतं व्हय? 'येते' म्हणावं."

"अहो मावशी, ही परी परत येतच नाही. 'येते' कशी म्हणेल?"

"तुमचं शिक्षण लय, मी काय बोलू..." म्हणत त्या पिना लावत बसल्या. मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू!

प्रयोग दुपारी तीनचा, कॉलेजच्याच हॉलमध्ये. तिसरी घंटा झाली, सगळं छान चाललेलं. मी स्टेजच्या खाली, पेटीवर. शेवटची ओळ आली आणि स्पीकरमधून आवाज आला – 'येते मी, येते मी...'

अस्सा राग आला सईचा! मृणालही गोंधळली. 'येते' ऐकून तिचे पाय मागे जायच्या ऐवजी पुढे आले. एक, दोन, तीन... आणि मागे धाडकन चंद्र कोसळला. बरोबर तिच्या जागेवर.

मी पेटी टाकून धावले. पोरीला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

मग सईकडे वळले. ती विंगेतच उभी होती. "मॅडम, मी गायलेच नाही हो... घसाच बंद झाला." शेजारच्या दोघी मुलींनीही शपथेवर तेच सांगितलं. माइक तर सईच्याच हातात! रेकॉर्डिंगमध्ये ते 'येते' स्वच्छ ऐकू येतं. आवाज मोठ्या बाईचा आहे. माझा पहिला संशय मावशींवर, पण त्या तेव्हा मेकअप रूममध्ये चार मुलींसमोर घड्या घालत होत्या.

मला वाटलं, मावशी म्हणतील, 'बघा, सांगत नव्हते?' पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पोर वाचली, देवाची कृपा. पण बाई, 'येते' म्हणणारी परत येती. ही कोण म्हणाली?"

दोर जुना होता, हे मला पटतं. आवाजाचं काय?

यंदा तीच संगीतिका पुन्हा करतोय. चंद्र नाही. ती ओळही मी काढून टाकली, तिथे नुसता तबला वाजतो. परवा तालीम संपल्यावर मृणाल घाम पुसत म्हणाली, "मॅडम, शेवटची ओळ परत घातलीत, बरं झालं. सई काय सुंदर गायली आज!"

सई त्या दिवशी आलीच नव्हती.