दत्तूदादाला मिळालेलं रक्त

ज्या आजारातून माझा दादा बरा झाला होता, त्याच आजारानं तो गेला. गेल्या महिन्यात सकाळी मी कुकर लावत होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला, "आत्या, बाबा गेले." यकृतात गाठ असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं बातमी अनपेक्षित नव्हती. पण ज्याच्या रक्तात विषाणूचा मागमूस उरला नव्हता, तो माणूस त्याच विषाणूनं पोखरलेल्या यकृतापायी जातो, हे मला अजूनही कुणाला धड समजावून सांगता येत नाही.

दत्ताराम, आमचा दत्तूदादा, लालबागला गिरणीत साचेवाला होता, मागावर कापड विणायचा. ब्याऐंशीचा संप लांबला तशी विणाई खात्यातली माणसं पांगली. कुणी गावी गेलं, कुणी भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमालीला लागलं. दादा हमालीला लागला. तिथंच मागे येणाऱ्या ट्रकखाली त्याची मांडी चिरडली. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, माणसं आणा. ज्यांच्या स्वतःच्या घरात चूल धड पेटत नव्हती, ते त्याचे सोबती बाही वर करून उभे राहिले. सगळ्यांत पुढं विष्णू, शेजारच्या साच्यावरचा. दादाचा पाय वाचला, थोडा लंगडत राहिला एवढंच. संप कुणी मागं घेतलाच नाही, गिरणीच बंद झाली. पण दादा मांडीवर थाप मारून कुणालाही सांगायचा, "माझ्या अंगात अख्खं खातं हाय."

त्या रक्ताची परतफेड म्हणून तो गणपती मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त द्यायचा. विष्णू मात्र संपानंतर काही वर्षांतच गेला. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, शेवटी रक्ताच्या उलट्या. बेकार गिरणी कामगार आणि लिव्हर खराब, एवढ्यावर सगळ्यांनी निकाल लावून टाकला... हातभट्टी. विष्णू सुपारीसुद्धा खात नव्हता.

दादाला रक्त चढवलं तेव्हा या रोगाला नावच नव्हतं. कावीळ 'ए' नाही, 'बी'ही नाही, एवढंच डॉक्टरांना ठाऊक. पुढं परदेशात तो विषाणू सापडला, त्याला हिपॅटायटिस सी म्हणू लागले, चाचणी निघाली. ती आपल्या रक्तपेढ्यांपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. पोचली, तेव्हा शिबिरात दिलेल्या दादाच्या रक्तात तो विषाणू निघाला आणि त्याला बोलावून सांगण्यात आलं की तुम्ही यापुढं रक्त देऊ नका. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी जवळ जाऊन बसले, तर म्हणाला, "माझा आजार जाऊ दे गो. मी इतकी वर्षं दिलं, ते कुणाकुणाला गेलं असेल?"

मी त्याच्या अंगावर पांघरूण ओढलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली. थंडी वाजून ताप, उशीवर केसांचे पुंजके, जेवताजेवता उगाच डोळ्यांतून पाणी. शरीराला ती झेपेनात, कोर्स अर्ध्यावर सोडावा लागला. त्यानंतर नुसती वाट पाहणं. शेवटी गोळ्या आल्या. रोज घ्यायच्या, तीन महिने, ना ताप ना काही. विषाणू गेला. पुढं या गोळ्या सरकारी इस्पितळात फुकटही मिळू लागल्या, देशातून हा रोग हद्दपार करायच्या गोष्टी सुरू झाल्या. दादाचं यकृत तोवर दगड झालं होतं. त्याच गोळ्या दहा वर्षं आधी मिळाल्या असत्या तर, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "तेव्हा त्या नव्हत्याच हो." खरंच होतं ते. म्हणून काही राग कमी झाला नाही.

बरं वाटू लागल्यावर दादा उठला आणि लंगडत चाळींचे जिने चढू लागला. "ज्यांना दिलं ते काय सापडायचे नाहीत. ज्यांनी दिलं त्यांना तरी सांगतो." हयात होते त्यांना त्यानं मागं लागून तपासायला लावलं. सगळे निर्धोक निघाले. उरला फक्त विष्णू. डॉक्टर म्हणाले, खात्रीनं काही सांगता येणार नाही, जुन्या दवाखान्यांतल्या सुईतूनही हे होतं. दादाला मात्र खात्री होती. मला घेऊन तो काळाचौकीला विष्णूच्या बायकोकडे गेला.

शेवंतीवहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे हे खरंच घेत नव्हते?"

"थेंबसुद्धा नाही, वहिनी. त्याला हाच रोग होता."

"शेवटी शेवटी मी त्यांचं तोंड हुंगायचे, भावजी. खाटेखाली बाटली शोधायचे. पोरांच्या शपथा घालायचे. ते नुसते बघत राहायचे माझ्याकडे." त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "तुम्ही मला हे आता कशाला सांगितलंत?"

"तुम्हीही एकदा तपासून घ्या," एवढं पुटपुटून दादा उठला. रस्त्यात मला म्हणाला, "चुकलं काय गो माझं?" मी म्हटलं, नाही. त्याला ते पटलं नाही. पुन्हा काही तो काळाचौकीला गेला नाही.

तेराव्याला शेवंतीवहिनी आल्या, न बोलावता. दादा ज्या लोखंडी खाटेवर दिवसभर बसून असायचा, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. त्या जाऊन बसल्या. नव्या इमारतीतून भेटायला आलेल्या एक बाई दादाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, हळूच विचारत होत्या, "लिव्हर गेलं म्हणजे... फार घ्यायचे का हो?"

वहिनीनं मान खाली घातली. खाटेवरून शेवंतीवहिनी म्हणाल्या, "नाही. दोघंही घेत नव्हते."

"दोघं कोण?" त्या बाईंनी विचारलं. "असेल बाई," म्हणत त्यांनी चहा संपवला आणि निघाल्या. शेवंतीवहिनी मात्र उठल्या नाहीत. खाटेच्या गजावर हात ठेवून, दिवे लागेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.